खाऱ्या भुईवरचं गोडं पाणी

65 हा आकडा वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या तोंडी असतो. महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाने चोवीस तासांत 65 मिलिमीटर पाऊस दाखवला, की त्या मंडळात अतिवृष्टी झाली असं सरकार धरतं. मग पंचनामे सुरू होतात, खरडून गेलेल्या जमिनीची नोंद होते, मदतीच्या याद्या लागतात. हाच आकडा दुसऱ्या बाजूनेही वाचायला हवा. एक एकर शेतावर 65 मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा त्या एकरात दोन लाख साठ हजार लिटर पाणी उतरलेलं असतं. दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर. आणि ते पाणी गोडं असतं.

गोडं हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत मिळून सुमारे 4,700 चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोला, बाळापूर या तालुक्यांतली कितीतरी गावं त्यात येतात. तिथे विहिरीला पाणी लागलं तरी ते तोंडात धरवत नाही, आणि पिकाला द्यावं तर जमीन बिघडते. प्यायचं पाणी लांबच्या धरणातून नळाने येतं. तेल्हारा-अकोट भागातली 84 खेडी योजना वान धरणावर चालते. शेतीसाठी मात्र आभाळातून पडेल तेवढंच पाणी. जुलैत तेच पाणी सोयाबीन सडवतं, माती घेऊन जातं, नदीकाठच्या घरांत शिरतं. आणि मे महिन्यात त्याच तालुक्यांत पाण्यासाठी वणवण असते. म्हणूनच वऱ्हाडापुरता जादा पावसाचा प्रश्न आणि पाणीटंचाईचा प्रश्न मी एकच मानतो. त्याचं उत्तर मात्र दर दहा-वीस किलोमीटरवर बदलतं, कारण पायाखालची जमीन बदलते.

आधी पावसाचं पाहू. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं. ते कधीतरी खाली येतंच, आणि आलं की एकदम येतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 1950 ते 2015 या काळातल्या नोंदी तपासल्या. मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना या काळात तिपटीने वाढल्या, आणि मोसमातला एकूण पाऊस मात्र घटत गेला. याचा शेतातला अर्थ सरळ आहे. झड लागायची तेव्हा पाणी दिवसेंदिवस रिपरिपत यायचं आणि माती ते जमेल तसं पीत असे. आता पंधरा-वीस दिवस उघाड पडते, पीक माना टाकतं, आणि मग महिन्याचा पाऊस एका रात्रीत पडतो.

अकोल्याने अशी रात्र 21 जुलै 2021 रोजी पाहिली. सकाळपर्यंत सुमारे 200 मिलिमीटर पाऊस झाला होता, म्हणजे वर्षाच्या सरासरीचा जवळजवळ चौथा हिस्सा. मोर्णा नदी काठ सोडून वस्त्यांत शिरली. त्याच्या आदल्याच दिवशी चीनमधल्या झेंगझोऊ शहरात एका तासात 201.9 मिलिमीटर पाऊस पडला होता. झेंगझोऊचं नाव अशासाठी घेतो, की पावसाचं पाणी बागा, तळी, पाणथळ जागा आणि पाझरणारे रस्ते यांच्याकडून मुरवून घेण्याची 'स्पंज शहर' ही योजना चीनने गेल्या दशकात राबवली, आणि झेंगझोऊने त्यात मोठा पैसा घातला होता. तरीही तिथे शेकडो माणसं गेली. पण एवढ्यावरून असे निसर्गाधारित उपाय फसवे ठरत नाहीत. त्यांची मर्यादा कळते. नेहमीचा आणि जोराचा पाऊस जमीन, गवत आणि तळी पेलतात. त्यापलीकडच्या पावसाला फक्त जागा द्यावी लागते. नेदरलँड्सने हे 1995 च्या पुरानंतर मान्य केलं. त्या वर्षी अडीच लाख माणसं घरांतून हलवावी लागली होती. पुढे त्या देशाने बांध उंच करत बसण्याऐवजी तीसहून जास्त ठिकाणी नदीला मोकळी जागा करून दिली; काही ठिकाणी बांधच मागे सरकवले. मुरवणं आणि जागा देणं, ही दोन्ही कामं वऱ्हाडातही करावी लागतील. कुठलं कुठे, हे माती सांगते.

उत्तरेला सातपुडा आहे. मेळघाटच्या दक्षिण उतारावरून सापन, चंद्रभागा, शहानूर, वान अशा नद्या पूर्णेकडे उतरतात. डोंगराच्या पायथ्याशी, परतवाड्यापासून अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हाऱ्याकडे जाणारी एक अरुंद पट्टी आहे. भूजलवाले तिला बाजाडा म्हणतात. हजारो वर्षं डोंगरातून वाहून आलेले गोटे, वाळू, मुरूम इथे साचले आहेत. डोंगरातून फुगून उतरलेला नाला या पट्टीत आला की पाणी पात्रातच गडप होतं, एवढी ही जमीन पाझरणारी आहे. अचलपूरची संत्री, अंजनगाव-अकोटकडची केळी आणि पानपिंपरी याच पाण्यावर उभी राहिली. अलीकडे उपसा इतका झाला की बोअर खोल-खोल चालले आहेत. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा शंभर टक्के लागू पडते ती इथे. डोंगरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी सैल दगडी बांध घालावेत, पात्र रुंद आणि उथळ ठेवावं, पुराचं पाणी गोट्यांवर पसरू द्यावं. बाकीचं काम ही पट्टी स्वतः करते. तापीचं पाणी जमिनीत मुरवण्यासाठी आखलेल्या तापी मेगा रिचार्ज योजनेचा आधारही हाच थर आहे. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तिचा करार 10 मे 2025 रोजी भोपाळला केला, आणि लाभक्षेत्रात जळगाव, बुलडाणा, अकोला, अमरावती हे जिल्हे आहेत. एवढी मोठी योजना उभी राहायला वर्षं लागतील. गावोगावच्या नाल्यांच्या तोंडाशी करायचं काम तिच्यासाठी थांबवण्याचं कारण नाही.

बाजाड्यातून थोडं दक्षिणेला उतरलं की सगळं उलटं होतं.

खारपाणपट्ट्यातली काळी माती निम्म्याहून अधिक चिकण असते. मे महिन्यात या शेतात उभं राहा. भेगा इतक्या रुंद असतात की हात कोपरापर्यंत आत जातो. मृगाचं पहिलं पाणी या भेगांतून सरळ खाली जातं, आणि तेवढ्यापुरतं वाटतं की या जमिनीची तहान भागणार नाही. मग माती फुगते. भेगा मिटतात. एकदा मिटल्या की तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी आत जातं. जिथे मातीत सोडियम जास्त तिथे त्याहूनही कमी. सोडियममुळे चिकण मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, पाण्यात विरघळल्यासारखे पसरतात आणि मातीतली बारीक छिद्रं बुजवून टाकतात. वरून उतारही नावापुरता. अशा शेतात तासाभरात 40 मिलिमीटर पाऊस झाला तर ते पाणी जिरणार कुठून? ते साचतं, जमीन चिबडते, आठ-आठ दिवस वाफसा येत नाही. मुळांना हवा मिळत नाही. सोयाबीन पिवळं पडतं, तूर उभ्याउभ्या जाते, उघाडीनंतर अचानक पाणी साचलं की पऱ्हाटी एका दिवसात माना टाकते. याला आकस्मिक मर म्हणतात.

अशा शेताला बांध घालून पाणी अडवा असं सांगणं म्हणजे शेतकऱ्याचं नुकसान करणं आहे. त्यात काळ्या मातीचा बांध उन्हाळ्यात स्वतःच भेगाळतो. पहिल्या जोराच्या पावसात पाणी त्या भेगेतून घुसतं, बांध फुटतो आणि फुटलेल्या जागेपासून खालच्या शेतात घळ पडते. हे वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या दिसत आलं आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात डॉ. जी. एम. भराड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या, आता वाशिममधल्या, मानोली पाणलोटात समतल मशागत आणि जैविक बांध यांवर भर दिला, त्यामागे हीच अडचण होती. जैविक बांध म्हणजे समतल रेषेवर लावलेली वाळ्याची किंवा सुबाभळीची दाट ओळ. ती पाण्याला थांबवत नाही, त्याचा वेग मोडते. गाळ मागे राहतो, पाणी गाळून पुढे जातं, आणि भेगा पडायला तिथे मातीचा बांधच नसतो.

शेताच्या आत याच विचाराचं रूप म्हणजे रुंद वरंबा आणि सरी. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट संस्थेने 1970 च्या दशकात काळ्या जमिनीसाठी ही पद्धत बसवली. पीक उंच, सपाट वरंब्यावर राहतं; दोन वरंब्यांमधल्या सरीतून जादा पाणी हळूहळू निघून जातं; उघाड पडली तर सरीतला ओलावा मुळांना पुरतो. आता पेरतानाच वरंबा आणि सरी पाडणारं ट्रॅक्टरचलित यंत्र, गावात सगळे ज्याला बीबीएफ म्हणतात, ते भाड्याने मिळतं. पण यंत्र वेळेवर मिळालं नाही म्हणून हात बांधून बसायला नको. सपाट पेरलेल्या सोयाबीनमध्ये महिनाभराने डवरणी करतातच. डवऱ्याची पास ज्या दोन जानोळ्यांना धरलेली असते, त्यांना जाड दोरीचे वेढे द्यायचे. डवरा ओळींच्या मधून चालला की दोरीच्या जाडीने माती दोन्ही बाजूंना सरकते, पिकाच्या बुडाला भर लागते आणि मागे सरी पडत जाते. बैलजोडी तीच, डवरा तोच, खर्च दोरीचा. पहिल्या मोठ्या पावसात या सरीचं मोल कळतं. दोरी न बांधलेल्या शेजारच्या शेतात ओळींच्या मधे पाणी तळपत राहतं. सरी पाडलेल्या शेतात ते दुपारपर्यंत उताराच्या टोकाला गेलेलं असतं.

टोकाला गेल्यावर ते कुठे जातं, हा खरा प्रश्न. सरीचं पाणी शेजाऱ्याच्या धुऱ्यावर सोडलं तर भांडण ठरलेलं, आणि पांदणीत सोडलं तर पांदण वाहून जाणार. सरी, मग गवताचा चर, मग शेततळं, ही साखळी पुरी झाली तरच उपाय पुरा होतो. गवताचा चर म्हणजे शेताच्या सखल अंगाला काढलेली रुंद, उथळ, हराळी किंवा मारवेल लावलेली वाट. तिच्यात पाणी हळू होतं आणि गाळ बसतो. त्या गाळातच शेतकऱ्याने घातलेलं खत असतं, म्हणून तो तळ्यात जाऊ न देता चरातून काढून परत शेतात टाकावा.

आणि तळं. इथे खारपाणपट्ट्याची चिकण माती, जी बाकी सगळीकडे आडवी येते, ती उपयोगी पडते. पाणी मुरू न देणारी जमीन तळ्यात पाणी धरून ठेवते; बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचं अस्तरही लागत नाही. फक्त खोली ठरवताना खाली क्षारांचा थर लागणार नाही एवढं पाहायचं. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल, उतरत्या बाजूंच्या तळ्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावतं. हरभऱ्याला एक संरक्षित पाणी द्यायला हेक्टरी साधारण पाच लाख लिटर लागतं. उडून जाणारं पाणी वजा केलं तरी तीन हेक्टर हरभरा एका पाण्याने निघतो. ज्या गावात सिंचन हा शब्द कधी लागू नव्हता तिथे या एका पाण्याने फरक पडतो. 2018 मध्ये जागतिक बँकेच्या कर्जाने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाणपट्ट्यातली नऊशेहून अधिक गावं घेतली, ती हाच विचार धरून. या सगळ्याला जिप्समची जोड हवी. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, सुटलेले कण पुन्हा धरून बसतात आणि जमीन थोडी तरी पाणी प्यायला लागते. मात्र सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर मुळांच्या खाली किंवा शेताबाहेर जायला वाट हवी, नाहीतर जिप्समचा पैसा वाया जातो.

जुन्या लोकांची रीतही इथे नोंदवून ठेवतो. खोलगट शेत खरिपात पडीत ठेवायचं, उघाड मिळाली की वखरायचं, आणि दिवाळीच्या सुमाराला मुरलेल्या ओलीवर हरभरा पेरायचा. सोयाबीन आल्यापासून ही रीत मोडली, कारण खरिपात शेत रिकामं ठेवणं परवडत नाही. ज्यांच्याकडे पाच-सहा एकरांत एखादा कायम चिबडणारा तुकडा आहे, त्यांनी तेवढ्यापुरता हा हिशेब पुन्हा करून पाहावा. तिथल्या सोयाबीनचा खर्च दर दोन-तीन वर्षांनी पाण्यात जात असेल, तर हरभऱ्याचं एक खात्रीचं पीक जास्त देऊन जातं.

पूर्णेच्या दक्षिणेला पातूर, बार्शीटाकळीकडे जमीन पुन्हा चढते. काटेपूर्णा, मोर्णा, मन, निर्गुणा या नद्या तिकडून येतात, आणि अकोल्यात शिरणारं पाणीही तिकडूनच येतं. माथ्यावरची जमीन बरड, उथळ, गवताची. महसुली नोंदीत हीच बरीचशी ई-क्लास म्हणून येते. वऱ्हाडाबाहेर अशा जमिनीला गायरान म्हणतात. ही जमीन रिकामी पडली आहे असं धरून तिच्यावर अतिक्रमण होतं, कुठे मुरमाची खाण निघते, कुठे यंत्राने खड्डे खणून झाडं लावली जातात. मला हे फार चुकीचं वाटतं. पवन्या, मारवेल, कुसळीचं जुनं गवत मुळांनी माती इतकी घट्ट धरतं की त्या उतारावरून नितळ पाणी येतं. गवत खरवडून तिथे चर खणले, की पहिली दोन वर्षं तरी उलट जास्त माती खाली येते. या पट्ट्यात फासेपारधी समाजाच्या काही वस्त्यांनी 'संवेदना' या संस्थेबरोबर गवताळ रानं राखली आहेत: चराईला पाळी लावली, वणवे रोखले. तित्तिर-लाव्याच्या शिकारीसाठी हिणवला गेलेला हा समाज आज वरचं गवत सांभाळतो. त्याचा फायदा खालच्या नदीला आणि तिच्या काठच्या सगळ्यांनाच होतो.

गवत आणि नदी यांच्या मधे नाला असतो, आणि गेल्या दहा वर्षांत सर्वाधिक यंत्रं त्याच्यावर चालली आहेत. डिसेंबर 2014 मध्ये जलयुक्त शिवार आलं आणि नाला खोलीकरण गावोगाव झालं. साचलेला गाळ काढणं चांगलंच. तो शेतात गेला तर दुप्पट चांगलं. पण कित्येक ठिकाणी नाला सरळ केला गेला, काठ उभे कापले गेले, माती काठावरच रचली गेली, आणि निरगुडी, करंज, शिंदी, लव्हाळा यांची काठावरची जाळी मुळासकट निघाली. सरळ नाला पाणी लवकर पुढे पाठवतो. वरच्या गावाचं पाणी ओसरतं आणि खालच्या गावावर पूर लवकर आणि उंच येतो. त्यात काळ्या मातीचे उभे काठ दोन पावसाळ्यांत ढासळतात आणि नाला पुन्हा भरतो. वळण ठेवावं, काठ उतरता ठेवावा, त्यावर वाळा आणि निरगुडी लावावी, आणि सखल शिवारात पुराचं पाणी दोन दिवस उभं राहील अशी एखादी लवण मोकळी सोडावी. यात यंत्राचे तास कमी लागतात आणि काम टिकतं.

शहरांबद्दल थोडक्यात सांगतो. जानेवारी 2018 मध्ये मोर्णा नदीतली जलकुंभी काढायला हजारो अकोलेकर पाण्यात उतरले. त्या मोहिमेची दखल देशभर घेतली गेली आणि ती रास्तच होती. पण जलकुंभी सांडपाण्यावर वाढते. सांडपाणी थांबेपर्यंत ती परत येत राहणार. पुराच्या हिशेबात त्याहून महत्त्वाची आहे ती नदीची रुंदी. महाराष्ट्रात 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखतात. या रेषा जुन्या पावसावर आखलेल्या आहेत आणि पाऊस बदलला आहे, म्हणून त्या पुन्हा तपासायला हव्यात. तोवर निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम होऊ नये. अमरावतीचं नशीब या बाबतीत जरा बरं. पोहऱ्याच्या टेकड्यांवरचं पाणी अडवायला एकोणिसाव्या शतकात बांधलेले छत्री तलाव आणि वडाळी तलाव अजून जागेवर आहेत. त्यांचा गाळ आणि त्यांच्याकडे येणाऱ्या ओढ्यांच्या वाटा जपल्या, तर अंबा नाल्यावरचा भार तेवढा कमी होतो. नाला झाकून त्यावर रस्ता किंवा दुकानं करण्याचा मोह मात्र दोन्ही शहरांनी सोडायला हवा.

वाचक वऱ्हाडातला असेल, तर एक विनंती आहे. येत्या पावसाळ्यात पहिली जोराची सर ओसरल्यावर, पायात चिखल लागला तरी चालेल, शेताला एक फेरी मारा. पाणी कुठून शिरतं, कुठे थांबतं, कुणाच्या धुऱ्यावरून बाहेर जातं, ते सातबाऱ्याच्या मागे पेन्सिलीने काढून ठेवा. शेजारच्या चार शेतकऱ्यांनाही तेच करायला सांगा. मग तलाठ्याकडून गावनकाशा घ्या, त्यावर नाले, पांदणी आणि ई-क्लास जमिनी असतात, आणि तुमच्या रेघा त्यावर उतरवा. त्यानंतरच्या ग्रामसभेत हा नकाशा पंचायतीच्या विकास आराखड्याला जोडायची मागणी करा. नाला खोलीकरणाचा ठराव येण्याआधी तो तिथे असायला हवा.